कोणत्या खात्यात काम करता?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलला पहिली दोन स्थानके लागतात ती शहाड आणि आंबिवली. विसाव्या शतकाच्या मध्यास या दोन स्थानकांच्या परिसरात एकाच प्रकारच्या मालाचे दोन मोठे कारखाने उभे राहिले. आंबिवलीजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘एनआरसी’, आणि शहाडला सेंच्युरी रेयॉन. एनआरसीला २००९ मध्ये टाळे लागले, शहाडचा कारखाना चालू राहिला. दोन्हीकडे लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम रेशमाचा धागा निघत असे. कल्याण, उल्हासनगर, टिटवाळा या भागातील कितीतरी घरांच्या चुली या धाग्यावर पेटल्या. तुमच्या वर्गात अशा एखाद्या घरातील नातवंड बसत असण्याचा संभव बराच आहे.

पाठ्यपुस्तकात रेयॉनला जागा मिळते ती धाग्यांच्या पाठात, आणि तीही दोन-तीन ओळींची. धागा तयार कसा होतो हे तेथे थोडेफार सांगितलेले असते. तो तयार करताना माणसाच्या शरीरात काय जाते, हे कोणी आणि कसे शोधून काढले, याचा इतिहास मात्र त्या पाठात मावत नाही. तो इतिहास सांगण्यासारखा आहे, कारण एका अख्ख्या व्यवसायाची घडण त्यात दिसते. इंग्रजीत या व्यवसायाला ‘इंडस्ट्रियल हायजीन’ म्हणतात. त्याचे ‘औद्योगिक स्वच्छता’ असे शब्दशः भाषांतर केले की डोळ्यांसमोर झाडू आणि फिनेल येते, म्हणून आपण येथे ‘औद्योगिक आरोग्यशास्त्र’ हाच शब्द वापरू.

प्रथम रसायनशास्त्र. लाकडाचा शुद्ध लगदा म्हणजे सेल्युलोज. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्याचा धागा ओढता येत नाही. लगदा आधी कॉस्टिक सोड्यात भिजवतात आणि मग त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया घडवतात. नारिंगी रंगाचे सेल्युलोज झँथेट तयार होते. ते पुन्हा कॉस्टिक सोड्यात विरघळवले की मधासारखा दाट द्रव मिळतो. हाच ‘व्हिस्कोज’. बारीक भोकांच्या चकतीतून हा द्रव सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात सोडला की आम्लात शिरताच सेल्युलोज पुन्हा घन होते आणि धागा बनतो. आता विद्यार्थ्यांना विचारावे : मध्ये घातलेले कार्बन डायसल्फाइड कोठे गेले? धाग्यात तर ते राहिले नाही. उत्तर असे, की ते पुन्हा मोकळे होते, काही कार्बन डायसल्फाइडच्या रूपात आणि काही हायड्रोजन सल्फाइडच्या. हे सारे घडते सूतकताईच्या यंत्रावर, स्पिनिंग खात्यात, जेथे तुटलेला धागा पुन्हा जोडण्यासाठी कामगाराला हौदावर वाकावे लागते.

हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्याच्या वासाने निदान आपली ओळख देतो. तो डोळ्यांना झोंबतो, आणि ‘कताईवाल्यांचे डोळे’ हा दुखण्याचा प्रकार रेयॉनच्या धंद्यात जुना आहे. कार्बन डायसल्फाइड अधिक कावेबाज. ४६ अंश सेल्सिअसला उकळणारा हा द्रव आपल्याकडच्या उन्हाळ्यात भराभर उडून जातो. त्याची वाफ हवेच्या अडीचपटीहून जड असल्याने ती वर न जाता खाली साचते. सुमारे १०० अंशांना ती ठिणगीशिवायही पेट घेते, म्हणजे वाफेचा तापलेला नळसुद्धा पुरे. शाळेच्या प्रयोगशाळेत हा पदार्थ आणू नये, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आता एक हिशेब, जो नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर सहज करता येईल. वर्गखोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच धरू. हवा झाली १४४ घनमीटर. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत कार्बन डायसल्फाइडची आठ तासांची सरासरी मर्यादा होती दहा लाख भागांत १० भाग, म्हणजे घनमीटरला सुमारे ३० मिलिग्रॅम. आपल्या खोलीला ही मर्यादा गाठायला किती द्रव लागेल? १४४ गुणिले ३० म्हणजे ४,३२० मिलिग्रॅम, सव्वाचार-साडेचार ग्रॅम. घनता १.२६ असल्याने हे झाले जेमतेम साडेतीन मिलिलिटर. चहाचा चमचाही पुरता भरत नाही. एवढा द्रव सांडून उडाला, की सारा वर्ग मर्यादेवर येऊन बसतो. आणि रेयॉनच्या कारखान्यात हा पदार्थ टनांनी वापरला जातो. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने आपली शिफारस पुढे आणखी खाली, दहा लाखांत १ भागापर्यंत आणली आहे. हा आकडा असा उतरत का गेला, हाच आपल्या गोष्टीचा गाभा.

पॅरिसचे डॉक्टर

कार्बन डायसल्फाइड जर्मनीत लाम्पाडियस या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १७९६ साली लागले. पन्नास वर्षे ते प्रयोगशाळेतील कुतूहलाची वस्तू होते. १८४६ मध्ये अलेक्झांडर पार्क्स यांनी उष्णता न देता रबर टिकाऊ करण्याची रीत काढली आणि तीत हे द्रावक वापरले. रबराच्या पातळ वस्तू, लहान मुलांचे फुगे वगैरे, या रीतीने झटपट होऊ लागल्या. पॅरिसमध्ये हे काम लहान, कोंदट खोल्यांत चाले.

तेथील ऑग्युस्त देल्पेश या डॉक्टरांकडे १८५०च्या दशकात काही चमत्कारिक रुग्ण आले. डोके दुखते, रात्री भयंकर स्वप्ने पडतात, क्षणात राग येतो, आठवण राहत नाही, हातापायांतील बळ गेले आहे. वय पाहावे तर ऐन पंचविशी-तिशीचे. सारे रबराच्या कामावरचे. १८५६ मध्ये आणि पुन्हा १८६३ मध्ये देल्पेश यांनी या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. देल्पेश यांनी नवे कोणतेही उपकरण वापरले नाही. त्यांनी रुग्णाला त्याचा धंदा विचारला. हा प्रश्न विचारा, असे इटलीच्या बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात वैद्यांना बजावून ठेवले होते. दीडशे वर्षांनी कोणीतरी तो विचारला आणि एक नवा रोग सापडला.

सापडलेला रोग पुन्हा हरवतो कसा, हेही येथेच पाहायला मिळते. १८८८ मध्ये पॅरिसमधील प्रख्यात मेंदूतज्ज्ञ शार्को यांनी अशाच एका कामगाराला विद्यार्थ्यांपुढे उभे केले आणि निदान केले उन्मादाचे, म्हणजे हिस्टेरियाचे. कार्बन डायसल्फाइडला त्यांनी फार तर निमित्त मानले. एवढ्या मोठ्या माणसाचे मत पडल्यावर कामगाराच्या मनाकडे बोट दाखवणे सोपे झाले. इंग्लंडमध्ये मात्र टॉमस ऑलिव्हर या डॉक्टरांनी शतकाच्या अखेरीस रबर कारखान्यांतील हकिकती लिहून ठेवल्या. त्यातील एक तपशील अंगावर काटा आणतो. वाफेने बेभान झालेले कामगार बाहेर उडी घेतात म्हणून तेथे खिडक्यांना लोखंडी गज बसवलेले होते. म्हणजे मालकाला रोग ठाऊक होता. उपाय मात्र हवेवर झाला नाही, खिडकीवर झाला.

१८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी व्हिस्कोजचे पेटंट घेतले. कोर्टोल्ड्स कंपनीने ते हक्क विकत घेऊन १९०५च्या सुमारास कॉव्हेंट्रीत धागा काढायला सुरुवात केली, आणि पाहता पाहता गरिबाच्या अंगावर रेशीम आले. रबराच्या खोल्यांत चमच्यांनी वापरले जाणारे विष आता पिंपांनी वापरात आले. इटली, जर्मनी, जपान, अमेरिका, सगळीकडे. ॲलिस हॅमिल्टन या बाईंचे नाव येथे घ्यायला हवे. शिकागोच्या वस्तीत काम करताना त्या कामगारांच्या रोगांकडे वळल्या आणि १९१९ मध्ये हार्वर्डच्या अध्यापकवर्गात आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. शिसे, पारा, बेंझीन यांच्यामागे आयुष्य घालवल्यावर सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी रेयॉनचा धंदा हाती घेतला. पेन्सिल्व्हेनियातील कामगारांची १९३८ मध्ये पाहणी झाली आणि १९४० मध्ये त्यांचा अहवाल अमेरिकेच्या श्रम खात्याने छापला. ज्ञातिबांधव डॉक्टर मनोरुग्णालयात ज्यांना ‘वेडा’ म्हणून दाखल करून घेत होते, त्यांतील काहींच्या वेडाचे मूळ कताईच्या हौदात होते.

म्हणजे आपल्या शहाड-आंबिवलीत पहिला धागा निघण्याआधी हे ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध होते. पण तोपर्यंत ते मज्जासंस्थेच्या आजाराचे ज्ञान होते. खरा घाला कोठे पडत होता, हे अजून उमगायचे होते.

मृत्यूच्या नोंदीतील एक रकाना

१९४०-५०च्या दशकांत इटलीचे एन्रिको व्हिल्यानी यांना जुन्या रेयॉन कामगारांत मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या आढळल्या. वाफेचे प्रमाण कमी झाल्याने वेडाचे झटके थांबले होते, पण कमी प्रमाण वर्षानुवर्षे घेतल्याने दुसरेच काही घडत होते. मग हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे काय? येथे मोठी अडचण आहे. खिडकीतून उडी मारणारा कामगार वेगळा दिसतो. पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेला माणूस वेगळा दिसत नाही. असे मृत्यू कारखान्यात होतात तसे बँकेत होतात आणि शिक्षकांच्या खोलीतही होतात. डॉक्टर कितीही हुशार असला, तरी एका रुग्णाकडे पाहून हे हृदय कशाने बंद पडले ते सांगू शकत नाही. येथे मोजावेच लागते.

ते काम टिलर, शिलिंग आणि मॉरिस यांनी वेल्समधील फ्लिंटशायर परगण्यात केले आणि १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. यांतील रिचर्ड शिलिंग हे कापूस गिरण्यांतील बिसिनोसिस या फुप्फुसरोगाच्या पायऱ्या ठरवणारे. सुटीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, हे त्या रोगाचे लक्षण. मुंबईच्या गिरणगावातील डॉक्टरांनाही शिलिंग यांची ही प्रतवारी परिचयाची होती. वेल्समध्ये या मंडळींनी आधार घेतला तो स्थानिक मृत्युनोंदवह्यांचा. नोंदवहीत मृताच्या नावापुढे त्याचा धंदा लिहिलेला असे. व्हिस्कोज प्रक्रियेवरचे कामगार, त्याच कारखान्यांतील इतर खात्यांचे कामगार आणि गावातील इतर पुरुष असे तीन गट त्यांनी पाडले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटाच्या मृत्यूंत ४२ टक्के निघाले, दुसऱ्यात २४ आणि तिसऱ्यात १७.

गावातील हवा तीच, खाणे तेच, विडी-काडीची सवयही साधारण तीच. फरक खात्याचा. शंभर वर्षे ज्याच्याकडे कोणाची नजर गेली नाही, ते एका रकान्याने उघडे पाडले. रकाना नसता तर हे मृत्यू नशिबाच्या खात्यावर जमा झाले असते, आणि इतर ठिकाणी ते तसे झालेच.

फिनलंडने पुढचे पाऊल टाकले. तेथील स्वेन हर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये रेयॉन कारखान्यातील ३४३ पुरुष निवडले आणि त्यांच्या वयाचे व गावचे कागद गिरणीतील तितकेच पुरुष जोडीला घेतले. मग मृत्यूची वाट पाहिली, असे म्हणणे क्रूर वाटेल, पण शास्त्राला येथे दुसरा मार्ग नव्हता. पहिल्या पाच वर्षांत रेयॉन गटात हृदयविकाराने होणारे मृत्यू जोडीच्या गटाच्या सुमारे पाचपट निघाले. १९७२ मध्ये तेथील मर्यादा २० वरून १० वर आणण्यात आली, ज्यांच्या हृदयाला धोका दिसला त्यांना त्या खात्यातून हलवण्यात आले आणि पाहणी चालू ठेवण्यात आली. पुढच्या वर्षांत दोन गटांतील फरक हळूहळू नाहीसा झाला. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत मोलाचे पान आहे. धोका दाखवणारे अभ्यास पुष्कळ होतात. उपाय केल्यावर माणसे खरोखर मरायची थांबली, हे मोजून दाखवणारे थोडे.

आणि तरीही त्याच काळात जपानमधील जुनी यंत्रे दक्षिण कोरियात विकली गेली. सेऊलजवळच्या वोनजिन रेयॉन कारखान्यात ती चालली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथील आजारी कामगारांनी वाचा फोडली, १९९३ मध्ये कारखाना बंद झाला आणि एकंदर नऊशेहून अधिक माणसे या विषबाधेचे रुग्ण म्हणून मान्य झाली. यंत्रे भंगारात गेली नाहीत. ती पुढे चीनला गेली.

अंबरनाथचा उलटा दाखला

माहीत होणे आणि बंदोबस्त होणे यांत शतकाचे अंतर पडलेच पाहिजे, असे नाही. कल्याणहून दुसऱ्या फाट्याने, कर्जतच्या गाडीने गेलो तर अंबरनाथ लागते. तेथे विम्को नाका हे नाव अजून टिकून आहे. १९२०च्या दशकात स्वीडिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या विम्को या आगपेटी कंपनीची ही आठवण.

आगपेटीच्या धंद्याचा रोग तेव्हा जगभर कुप्रसिद्ध होता. काडीच्या टोकाला पांढरा फॉस्फरस लावत आणि त्याच्या वाफेने कामगारांचे जबड्याचे हाड कुजे. लंडनमध्ये १८८८ साली आगपेटी कारखान्यातील मुलींनी संप केला, त्यामागील तक्रारींत हेही दुखणे होते. १९०६ मध्ये बर्न येथे अनेक युरोपीय देशांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या आगपेट्यांवर बंदी घालण्याचा करार केला आणि हिंदुस्थानात १९१३ मध्ये तसा कायदा झाला. त्यामुळे अंबरनाथला कारखाना आला तो कायद्यानंतर. पेटीच्या बाजूला तांबडा फॉस्फरस लावण्याची निर्धोक रीत तोवर सर्वत्र रुळली होती. कुजलेला जबडा या परिसराला पाहावा लागला नाही, तो यामुळे.

फॉस्फरसला पर्याय होता, म्हणून हे सोपे गेले, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे. व्हिस्कोजला तसा पर्याय फार उशिरा आला. कार्बन डायसल्फाइडशिवाय सेल्युलोज विरघळवण्याची लायोसेल ही रीत १९९०च्या दशकात व्यापारी पातळीवर आली आणि ती सर्व प्रकारच्या धाग्यांना अजून पुरी पडलेली नाही. पण दुसरेही कारण आहे. कुजलेला जबडा सगळ्यांना दिसतो, त्याचे चित्र छापता येते. बंद पडलेल्या हृदयाचे चित्र छापून काय दिसणार?

कायदा आणि सायनची इमारत

आपल्याकडे कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि बारापर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. यावरूनच त्या काळाची कल्पना यावी. कामगाराच्या फुप्फुसाचा विचार त्यात नव्हता. १९२३ च्या भरपाई कायद्यात अपघातांबरोबर काही थोड्या धंदेवाईक रोगांना प्रथम जागा मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ मध्ये, केंद्रात कारखाना सल्लागाराचे कार्यालय सुरू झाले. त्याच कार्यालयाच्या विस्तारातून मुंबईत सायन येथे सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिची इमारत १९६६ पासून वापरात आहे. हवेतील धूळ व वाफा मोजणारी प्रयोगशाळा आणि औद्योगिक सुरक्षेचे संग्रहालय तेथे आहे. डोंबिवलीहून धिम्या लोकलने जाता येण्याजोगे हे ठिकाण फारच थोड्या शिक्षकांना ठाऊक असते. अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थाही १९६६ चीच.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कळवण्यास पात्र रोगांची यादी होती. ती पुढे २९ रोगांपर्यंत वाढली आणि कार्बन डायसल्फाइडची विषबाधा तीत होती. हा रोग कळवण्याचे बंधन फक्त कंपनीच्या डॉक्टरवर नव्हते. कारखान्यातील कामगाराला तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरवर, म्हणजे कल्याणात स्टेशनजवळ दवाखाना थाटलेल्या डॉक्टरवरही होते. पण कळवणार कोण? ज्याने रुग्णाला खाते विचारले आहे तोच.

भोपाळच्या डिसेंबर १९८४ च्या वायुकांडाने कायद्याला हलवले. १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांसाठी वेगळे प्रकरण आले. घातक पदार्थाच्या संपर्कात येणाऱ्या कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या त्याला पाहता याव्यात, सुरक्षा समितीत कामगारांना जागा असावी, असे ठरले. २०२० मध्ये संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती यांची एकत्रित संहिता मंजूर केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती लागू करण्यात आली. कळवायच्या रोगांची यादी त्या संहितेतही आहे.

हा व्यवसाय काय करतो

मर्यादा कागदावर लिहिणे सोपे, खात्यात ती पाळली जाते की नाही हे पाहणे वेगळे. तेथे औद्योगिक आरोग्यतज्ज्ञाचे काम सुरू होते. पूर्वी खोलीच्या मध्ये उपकरण ठेवून हवा तपासत. पण कामगार खोलीच्या मध्ये उभा नसतो, तो हौदावर वाकलेला असतो. १९६० मध्ये ब्रिटनच्या अणुऊर्जा खात्यातील शेरवुड आणि ग्रीनहाल्ज यांनी अंगावर बाळगायचा लहान पंप तयार केला. कमरेला पंप, कॉलरला नळी आणि नळीत कोळशाची भुकटी. आठ तासांच्या पाळीत माणसाने ज्या हवेत श्वास घेतला तिचा नमुना कोळशात साठतो. याच्या जोडीला लघवीची तपासणी असते. कार्बन डायसल्फाइड शरीरात शिरले की त्यापासून बनणारे एक विशिष्ट संयुग लघवीत उतरते आणि ते मोजता येते.

मोजल्यावर उपायांचा क्रम ठरलेला आहे. विष बदलता येते का, हे आधी पाहावे. नाही तर यंत्र झाकावे, वाफ जेथे निघते तेथूनच शोषून घ्यावी, ती पुन्हा वापरात आणावी. तोंडाला बांधायचा मुखवटा सर्वांत शेवटी. व्यवहारात अनेकदा उलटे घडते, कारण मुखवटा स्वस्त असतो आणि दोष कामगारावर टाकायला सोयीचा असतो : ‘दिला होता, याने लावला नाही.’ ऑलिव्हर यांच्या खिडकीच्या गजांचा हा आधुनिक अवतार म्हणायला हरकत नाही.

बारावीनंतर या बाजूला वळू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की या व्यवसायाला एकच दार नाही. एमबीबीएस झालेल्यांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. धोकादायक कारखान्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याला अशा पात्रतेची गरज पडते. अभियंते आणि विज्ञान पदवीधर यांना सायनच्या संस्थेत औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका घेता येते आणि मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता येते. गुजरातेत वल्लभ विद्यानगर येथे औद्योगिक आरोग्यशास्त्रात एम.एस्सी.ची सोय झाली. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात अभियंते, रसायनशास्त्रज्ञ आणि डॉक्टर या तिघांनाही काम आहे. रसायनशास्त्र आवडते पण संशोधनाच्या लांब वाटेचा धीर नाही, अशा मुलामुलींना आम्ही हा मार्ग जरूर सुचवू.

मात्र एक गोष्ट त्यांच्यापासून लपवू नये. या तज्ज्ञाला बहुधा पगार देतो तो कारखानाच, आणि त्याने काढलेला आकडा गैरसोयीचा ठरतो तोही कारखान्यालाच. ॲलिस हॅमिल्टन यांना हे ठाऊक होते. शिसे तपासायच्या काळात त्या मालकाच्या परवानगीने कारखान्यात शिरत, पण कामगाराच्या घरी जाऊनही बसत, आणि दोन्हीकडचे ऐकून लिहीत. पंपाचे बटण कोणत्या दिवशी आणि कोणत्या पाळीत दाबायचे, यंत्राची दुरुस्ती चालू असताना मोजायचे की झाल्यावर, यावर आकडा ठरतो. कंत्राटी कामगार, जो या महिन्यात येथे आणि पुढच्या महिन्यात तिथे असतो, तो त्या मोजणीत धरायचा की नाही, यावरही ठरतो. फिनलंडचा अभ्यास होऊ शकला, कारण ३४३ माणसे कोणत्या खात्यात किती वर्षे होती याची यादी कारखान्याकडे होती. खाते वारंवार बदलणाऱ्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाचा असा अभ्यास कोणी कसा करणार? आज आम्हाला यापेक्षा कठीण प्रश्न या विषयात दिसत नाही.

डोंबिवलीकरांना रसायनांचा धोका माहीत नाही, असे कोण म्हणेल? २६ मे २०१६ च्या स्फोटात एमआयडीसीतील एक कारखाना उद्ध्वस्त झाला, बारा जण गेले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी पुन्हा तसेच घडले. मधल्या काळात, सप्टेंबर २०२३ मध्ये, शहाडच्या कारखान्यात टँकरच्या स्फोटात कामगार दगावले. स्फोटाला दिवस असतो, तारीख असते, वर्तमानपत्रात जागा असते, चौकशी समिती असते. वीस वर्षांच्या वाफेला यांपैकी काही नसते. ठाण्याच्या वागळे इस्टेटीपासून, म्हणजे एमआयडीसीच्या अगदी पहिल्या वसाहतीपासून, अंबरनाथ-बदलापूरपर्यंत साठ वर्षे कारखाने चालले. त्यांत राबलेल्या पिढीचे आजार त्यांच्या निवृत्तीनंतर, कधी गावी परतल्यावर दिसू लागतात. तपासणारा डॉक्टर तेव्हा साताऱ्याचा किंवा जौनपूरचा असतो आणि त्याने शहाडचे नावही ऐकलेले नसते.

नववी-अकरावीच्या वर्गासाठी यातून एक प्रकल्प करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ कामगाराशी बोलावे आणि चार रकाने भरावेत : कारखान्यात काय बनत असे, खाते कोणते, त्या खात्यात किती वर्षे, आणि हाताळलेल्या पदार्थांची त्यांनी सांगितलेली नावे. ही नावे बहुधा बोलीतील असतील, ‘पांढरी पूड’, ‘गॅस’, ‘ॲसिड’, ती तशीच लिहून घ्यावीत आणि मग रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी ती ओळखायला मदत करावी. आजाराचा रकाना मुद्दामच ठेवू नये. निदान करणे हे विद्यार्थ्यांचे काम नव्हे, आणि घरोघर भीती पेरणे तर मुळीच नव्हे. व्यक्तीचे नावही लिहू नये. भरलेल्या कागदाची एक प्रत मात्र त्या आजोबांना किंवा आजींना द्यावी आणि दवाखान्याच्या केसपेपराबरोबर ठेवायला सांगावी.